डावीकडची लाल गाडी

स्वस्ति श्री. सकल-सारथी-कुल-शिरोमणी, मिरजगाव-नगर-मार्ग-चक्रवर्ती, गर्त-परिहार-विशारद, द्वितीय-गियर-तत्त्वचिंतक, डिझेल-मितव्यय-महर्षी, अकस्मात-म्हैस-दर्शन-अविचल, वाहन-विभाग-विभूषण, अध्यक्ष-निद्रा-संरक्षक, खाकी-गणवेश-नित्यनिर्मल, परमादरणीय, प्रातःस्मरणीय, आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेतील श्रोता दचकून जागा होईपर्यंत ज्या ज्या म्हणून वाढवता येतील त्या सर्व उपाधींनी अलंकृत असे आमचे तीर्थरूप यांच्या चरणकमली, ज्यांत सदैव कारखान्याने दिलेले एक माप मोठे बूट असत, चिरंजीवाचा साष्टांग दंडवत.

तात्या, एवढे पुरे. माझा आता हाच धंदा झाला आहे, हे तुम्ही गेलात तेव्हा पुरते सिद्ध झाले नव्हते, म्हणून निवेदन करतो. शेवगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून जो वेळ उरतो त्यात मी सूत्रसंचालन करतो. एकसष्टी, अमृतमहोत्सव, पतसंस्थेच्या शाखेचे उद्घाटन, विवाह, दशक्रियेनंतरची शोकसभा, काहीही वर्ज्य नाही. ज्यांनी एक झाड लावले त्यांना मी वृक्षमित्र केले आणि ज्यांनी ते पाडून गाळे बांधले त्यांना विकासपुरुष. पंचक्रोशीतील निम्म्या महर्षींचे महर्षित्व माझ्याच कंठातून प्रसवलेले आहे. तुम्ही अशा समारंभांना आयुष्यभर उपस्थित राहिलात, पण मांडवाच्या बाहेर; साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या पांढऱ्या गाडीत, काच अर्धी खाली करून, कुणा कार्यकर्त्याने आणून दिलेले ताट मांडीवर घेऊन. कर्ण्यातून साहेबांची बिरुदे तुमच्यापर्यंत पोचत. घरी आल्यावर तुम्ही आईला गंभीरपणे सांगायचात, "आज साहेबांना आनखी दोन पदव्या लागल्या. गाडी तेवढ्यानं जड झाली, बघ. चढाला दुसरा टाकाय लागला." माझ्या विनोदबुद्धीचे मूळ कुठे आहे असे कुणी विचारले की मी कोण्या संस्कृत प्रहसनाचे नाव सांगतो. खरे मूळ ते दुसऱ्या गियरमध्ये आहे.

प्रस्तुत पत्राचे प्रयोजन असे, की मी एक चाक विकत घेतले आहे. बैलगाडीचे नव्हे, ट्रॅक्टरचे नव्हे. ज्याला गाडीच नाही असे चाक. संगणकाच्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती लावता येतात आणि त्या मोटारी हाकण्यासाठी खऱ्यासारखे स्टिअरिंग मिळते, ते. त्यातही उच्च कुळातले. त्याची किंमत मी येथे लिहीत नाही; तुम्ही जेथे आहात तेथेही रक्तदाब असण्याची शक्यता गृहीत धरली पाहिजे. एवढेच सांगतो की तुमच्या सुनेला मी सांगितलेला आकडा खरा नव्हता आणि तिने तो खरा मानलाही नाही, त्यामुळे आमच्या दांपत्यजीवनात कोणतीही नवी फसवणूक झालेली नाही.

पन्नाशी उलटलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, मराठीच्या अध्यापकाने असे खेळणे का घ्यावे? तर नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या, पण स्टँडवर पुकारताना अजून नगरच्याच) एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे मी चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. त्यांनी मला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवले आणि हाती एक बटण दिले. घुमटात कुठेही बारीक दिवा चमकला की बटण दाबायचे. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत; शंका आली तरी अर्धा गुण द्यायचा ही माझी वृत्ती. दिवा लागला असावा अशा नुसत्या संशयावरही मी उदारपणे बटण दाबत राहिलो. पण यंत्राला औदार्य कळत नाही. कागद बाहेर आला तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही न लागलेल्या दिव्यांनाही दाद दिलीत." मी म्हणालो, "व्यवसायच तो आहे." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काचबिंदू आहे. समोरचं तुम्हाला उत्तम दिसतं, म्हणून कळलं नाही. कडेचं गेलंय. डावीकडचं जास्त. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांनी टिकवू. पण गाडी आजपासून बंद." मी विचारले, "म्हणजे रात्रीची?" त्या म्हणाल्या, "गाडी म्हणजे गाडी, सर." मग कागदावर काही लिहिता लिहिता त्यांनी विचारले, "घरात कुणाला होतं?" मी ताठ बसलो. "छे. आमच्याकडे डोळे उत्तम. वडील ड्रायव्हर होते."

तात्या, हा निकाल मला मान्य नव्हता. मला गाडी हवी आहे ती प्रतिष्ठेसाठी नव्हे. आमची गाडी इतकी जुनी आहे की तिच्यातून उतरताना प्रतिष्ठा आतच राहते. पण दिवसभर मुलांपुढे बोलायचे, संध्याकाळी लोकांपुढे बोलायचे, आणि या दोहोंच्या मधला शेवगाव ते तिसगाव, तिसगाव ते पुढे जिथे कुठे मांडव पडला असेल तिथपर्यंतचा रस्ता, एवढाच काळ माझ्याकडून कुणी शब्दाची अपेक्षा करत नाही. तेवढ्या काळात मी कुणाचाही गौरव करत नाही. समोर रस्ता, हातात चाक आणि तोंड बंद, ही माझी एकमेव उपासना. ती एका घुमटाच्या सांगण्यावरून सोडून द्यायची? मी घरी येऊन गाडी अंगणात लावली, तिच्यावर ताडपत्री ओढली आणि तुमच्या सुनेला सांगितले की क्लच घासतो आहे. थेंबांच्या बाटलीबद्दल सांगितले की नंबर वाढला आहे. त्यानंतर आयोजकांच्या जीपमधून कार्यक्रमांना जाऊ लागलो आणि एकीकडे पुराव्याच्या शोधाला लागलो. माझा तर्क निर्दोष होता. रस्त्यावर स्वतःची परीक्षा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचा जीव पणाला लावणे. ते पाप मी करणार नाही. पण जिथे मनुष्यहानी संभवत नाही अशा आभासी रस्त्यावर, आजूबाजूला इतर गाड्या असताना, एक शर्यत जरी मी कुणालाही न धडकता पूर्ण केली, तर यंत्र खोटे आणि मी खरा. मग सरळ पुण्याला जाऊन दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे.

पुरावा द्यायचा तर साधन प्रमाणभूत हवे. ज्या विषयावर मराठीत अद्याप एकही परिसंवाद भरलेला नाही त्याचे मी सांगोपांग अध्ययन केले. स्वस्त चाकांत आत दातेरी चक्रे असतात, ती खडखडतात. मध्यम चाकांत पट्टा असतो, तो रस्त्याचा अर्धा निरोप स्वतःच गिळतो. आणि उत्तम चाक थेट मोटरीच्या दांड्यावर बसवलेले असते. पडद्यावरच्या टायरखाली खडा आला तरी मोटर तो खडा तुमच्या तळहातापर्यंत आणते. ब्रेकसुद्धा असा की पाय किती खाली गेला हे तो मोजत नाही, किती जोराने दाबला हे मोजतो. हे वाचले आणि पुढचे काही वाचायचे मी बंद केले.

पार्सल आले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आणणारा इसम फाटकातूनच ओरडला, "सर, लई जड हाय हो! आत काय मोटार हाय का?" मी म्हणालो, "मोटरच आहे." तो म्हणाला, "मंग पान्याची घ्यायची व्हती की, हितं कुनाच्या बोरला पानी हाय?" मी त्याला समजावले की ही पाणी उपसण्याची नव्हे, ही चाक फिरवणारी आहे. त्याने क्षणभर विचार केला. "चाक तुमी फिरवायचं का तिनं?" इतका मूलभूत प्रश्न मला आजवर एकाही प्रबंधात आढळलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. तुमच्या सुनेने अंगणातली गाडी ताडपत्रीसकट पुजली आणि मग हातातले तबक घेऊन माझ्या अभ्यासिकेत आली. मी चाक सागवानी टेबलाला पक्के आवळून बसवले होते. ती म्हणाली, "नवीन वस्तू आहे, तशीच वापरायची का?" शस्त्रे, अवजारे आणि वाहने यांपैकी हे नेमके काय, याबद्दल शास्त्रात निर्देश नसल्याने मी विरोध केला नाही. तिने चाकाला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला, मोटरीच्या डोक्यावर नारळ ठेवला आणि म्हणाली, "आता लावा." मी कळ दाबली. तात्या, हे चाक सुरू होताना आपला मध्य आपणच शोधते, ही गोष्ट माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होती आणि ते पान मी मंगलाचरण समजून उलटले होते. चाक पिसाळल्यासारखे डावीकडे फिरले, मग उजवीकडे. हार तुटून पाकळ्या भिंतीवरच्या माझ्या मानपत्रांवर चिकटल्या, कुंकवाचा सडा छताला गेला आणि नारळ गडगडत पलंगाखाली. तुमची सून तबक छातीशी धरून दारात उभी राहिली. भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "मामंजींना पसंत नाही वाटतं." कुंकू अजून चाकाच्या फटीत आहे. वस्तू जशी आली तशीच परत पाठवली तरच पैसे मिळतील अशी कंपनीची अट होती. पुजलेली वस्तू जशीच्या तशी कशी राहील, हे त्यांच्या देशात कुणाला सुचले नसावे.

पण त्यानंतर मी एकटाच बसलो, रिकामा रस्ता लावला आणि चाक हाती धरले. तात्या, पलीकडून कुणीतरी धरले होते. मी दुसरे शब्द शोधले, मिळाले नाहीत. वळण आले की चाक ओढ घेते. कडेच्या खडीवर गेलो की थरथरते. मी जोर केला की तेही जोर करते आणि मी हात सैल केले की तेही शांत होते. मी थांबलो. संगणक चालूच होता. आणि मला वास आला, मिरच्यांच्या फोडणीचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा.

कारखान्याच्या वसाहतीतली आपली दोन खोल्यांची जागा. मी नगरच्या महाविद्यालयात जातो, मिशा फुटलेल्या आहेत आणि मला गाडी शिकायची आहे. तुम्ही म्हणता, "गाडी कारखान्याची हाय. तिच्यावर शिकायचं म्हंजी सभासदांच्या टायरावर शिकायचं. जमायचं न्हाई." आणि मग स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून तुम्ही आईची परात माझ्या हाती देता. मी एका बाजूने धरतो. समोर मांडी घालून तुम्ही दुसऱ्या बाजूने धरता. "चल, निघाली गाडी. मिरजगाव सोडलं. आता रस्ता डाव्या अंगाला पडलेला हाय, गाडी वढनार," म्हणून तुम्ही परात ओढता. "हा खड्डा," म्हणून हिसका देता. मी घाबरून परात घट्ट आवळतो. "दाबू नको, दाबू नको! स्टेरिंग हाय ते, म्हशीचं शिंग न्हाई. वढतंय तर वढू दे वाईच, मग हळूच घरी आन." चाक मध्यावर आणणे याला तुम्ही घरी आणणे म्हणत होतात. मी हसतो आणि तुमच्याकडे पाहतो तर तुमचा आवाज बदलतो. "माझ्या तोंडाकडं काय बघतो? तोंड रस्ता दावतं व्हय? म्होरं बघ." समोर तुम्हीच बसलेले असता, तरी मी तुमच्या खांद्यावरून मागच्या चुलीकडे पाहू लागतो, जणू तिथेच करमाळ्याचा फाटा आहे. आई हातात पिठाचा डबा घेऊन उभी. "परात सोडा, भाकरी कशात मळू?" तुम्ही मान न वळवता सांगता, "थांब जरा. बाजारात शिरलीय गाडी, हितं सोडता येत न्हाई." "मग बाजारातूनच खाऊन या दोघं," आई म्हणते. असे कित्येक संध्याकाळी चालले. पुढे खऱ्या गाडीवर बसलो तेव्हा परीक्षा घेणारा अधिकारी म्हणाला, हात चांगला आहे, कुठल्या स्कूलमध्ये शिकलास. मी काहीतरी नाव ठोकून दिले. परातीला नाव नव्हते.

असो. मी पुराव्याकडे वळतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी, दुपारी, मी प्रत्यक्ष शर्यत लावली. युरोपातल्या कुठल्याशा अरण्यातला वळणावळणाचा मार्ग, जो कितीही धावले तरी निघालो तिथेच आणून सोडतो, आणि भोवती संगणकाने हाकलेल्या इतर गाड्या. रुंद, चंद्रकोरीसारखा वाकलेला पडदा मी मुद्दाम घेतला होता, डावेउजवे सारे दिसावे म्हणून. एकटा असताना मी सुरेख चालवत होतो. गर्दीत मात्र लांब सरळ रस्ता संपून डावे वळण आले की माझ्यावर काहीतरी आदळे आणि मी गवतात जाई. पुन्हा लावली, पुन्हा तेच वळण, तोच आघात. संगणकाच्या सारथ्यांना संस्कार नाहीत, असे मी मोठ्याने म्हणत होतो, तेव्हा तुमची सून चहा घेऊन आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहून पाहू लागली. मी पुन्हा गवतात गेलो.

"अहो, त्या लाल गाडीला का धडकलात?"

"मी नाही धडकलो, ती मध्ये घुसली."

"मध्ये कुठं? केव्हाची शेजारी चालली होती की."

"कोणती?"

"लाल. तुमच्या डाव्या काचेला लागून. मला वाटलं, ओळखीची आहे म्हणून बरोबर चालवताय."

मी हसलो. या खेळात झालेली शर्यत पुन्हा दाखवण्याची सोय असते, तीही वरून, घारीने पाहावे तशी. तिला चूक दाखवून देण्यासाठी मी ती लावली. लांब सरळ रस्ता. माझी निळी गाडी. आणि तिच्या डाव्या दाराशी, खेटून, बैलजोडीतल्या दुसऱ्या बैलासारखी, एक लाल गाडी. ती आताच आलेली नव्हती. वळण येईपर्यंत सारा वेळ ती तिथेच होती, स्पष्ट, भडक, आपल्या रस्त्याने जाणारी. मग निळी गाडी तिच्या अंगावर गेली. शांतपणे, घाई न करता, जणू तिथे कुणी नाहीच. मी आधीची शर्यत लावून पाहिली. तिच्यात पिवळी होती. तिच्या आधीच्या शर्यतीत पांढरी. या सर्वांना मी असंस्कृत म्हटले होते.

तुमच्या सुनेने चहा टेबलावर ठेवला. माझ्या डाव्या हाताला. मी चाकावरचा हात काढला आणि कप उपडा झाला, आणि तिने तो पुसायला घेतला नाही. माझ्याकडेच पाहत राहिली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? खरं सांगा." माझ्यापाशी तेव्हा तीस वर्षांच्या अध्यापनाची शब्दसंपदा होती. त्यातून मी एवढेच निवडले, "क्लच ठीक आहे. क्लच कधी बिघडलाच नव्हता." ती पलंगावर बसली. टेबलाच्या कडेवरून चहा ठिबकत होता.

त्या उपड्या कपामुळे मला तुमचा तांब्या आठवला. चेअरमनसाहेबांच्या गाडीवरच्या तुमच्या शेवटच्या वर्षात आई ताटाच्या डावीकडे पाण्याचा तांब्या ठेवायची आणि तुम्ही तो लवंडायचात. ती चिडायची, "डोळं हायेत का भोकं?" रस्त्याने चालताना डावीकडून कुणी हाक मारली तर तुम्ही नुसती नजर न फिरवता सबंध मान वळवायचात, अवघडल्यासारखी. आई म्हणायची मान धरली आहे, आणि बाम चोळून द्यायची. आणि मग तो दसरा. कारखान्याच्या शेडमध्ये सगळ्या वाहनांची पूजा झाली की साहेब दर वर्षी तबकातली किल्ली उचलून तुमच्या हाती देत, वर विडा आणि नव्या गणवेशाचे कापड. त्या वर्षी साहेबांनी किल्ली पुढे केली आणि तुम्ही हात जोडलेलेच ठेवलेत. मी तिथे होतो. कारखान्याच्या अंकात लेख छापून आला म्हणून मला मुद्दाम बोलावले होते. साहेब म्हणाले, "का हो तात्या, आमचं काय चुकलं का?" तुम्ही म्हणालात, "चुकलं न्हाई साहेब. तुमी मागं झोपता." शेडमध्ये कुणीतरी खोकले. साहेब म्हणाले, "मग? झोपू नये का आम्ही?" "झोपत जा की. पर आता दुसऱ्याच्या भरवशावर झोपा."

सर्वांना ते उद्धट वाटले. मलाही. साहेबांची मर्जी गेली, तुमची नेमणूक उसाच्या गाड्या मोजायला फाटकावर झाली, आणि वसाहतीत वर्षभर चर्चा राहिली की ड्रायव्हर चढून गेला होता. आईला नळावर बायका टोचून बोलत. ती तुम्हाला विचारायची, असे काय घडले, काय बोलले साहेब तुम्हाला? तुम्ही म्हणायचात, "काय न्हाई. कटाळा आला." फाटकावरच्या खोलीत तुम्ही तुमची खुर्ची नेहमी अशी लावायचात की डाव्या हाताला भिंत येईल. मी मानत होतो की उन्हासाठी.

तात्या, तुम्हाला त्या रोगाचे नाव ठाऊक नव्हते. घुमट नव्हता, कागद नव्हता, थेंब तर नव्हतेच. डावीकडे काहीतरी उरलेले नाही एवढेच तुम्हाला कुठल्यातरी वळणावर कळले असणार, आणि मागे एक माणूस निश्चिंत झोपलेला असणार. दुसरा पुरावा तुम्ही मागितला नाहीत. मी मात्र एक मोटर मागवली. सोमवारी मी नेत्रतज्ज्ञ बाईंना फोन करून म्हणालो, "तुमच्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर चुकलं. होतं. वडिलांना होतं." मला वाटले सांत्वन करतील. त्या म्हणाल्या, "मग मुलीचे डोळे तपासून घ्या." तुमची नात पुण्यात नोकरीला आहे, स्कूटर उत्तम चालवते. दिवाळीला येईल तेव्हा तिला त्या घुमटापुढे बसवायचे आहे. तिला काय कारण सांगायचे याचा मसुदा मी रोज करतो आणि रोज खोडतो. हजारो लोकांपुढे बोललेला माणूस आहे मी.

किल्लीचे म्हणाल, तर माझ्याकडून समारंभ झाला नाही. तबक नाही, विडा नाही. मी ती फ्रिजवर ठेवली आणि तुमच्या सुनेला म्हणालो, "पेट्रोल कमी आहे." ती "बरं" म्हणाली. आता ती चालवते आणि मी तिच्या डावीकडे बसतो. ती चालवते चांगली, पण सारखी बोलत असते आणि मी उत्तरे द्यावीत अशी तिची अपेक्षा असते. तिसगावचा रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ लांब झाला आहे. सूर्य मावळतीला असताना डावीकडची शेते कुठे संपतात ते मला कळत नाही. ती हळूहळू काहीच नसल्यासारखी होतात, काळीसुद्धा नाहीत.

हे पत्र पाठवायचे नाही. चाक ओढू लागले की टेबल डुगडुगते, त्याच्या मागच्या पायाखाली याची घडी नेमकी बसेल असा अंदाज आहे. एक मात्र कबूल करतो. शर्यती मी अजून लावतो, पुराव्यासाठी नव्हे. पहिल्या सरळ रस्त्यावर मी हात सैल सोडतो आणि वळण येईपर्यंत ते चाक मला ओढते तसे ओढू देतो. नंतर जे व्हायचे ते होते. डावीकडून कुणीतरी येते.

यावरून एक तक्रार. या चाकावर बटणे इतकी आहेत की बोटे कमी पडतात. दिव्यांचे आहे, वायपरचे आहे, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अदृश्य मिस्त्रीशी बोलण्याचेही आहे. हॉर्नचे नाही. माहितीपत्रक अनेक भाषांत आहे आणि एकाही भाषेत हॉर्न नाही. मी कंपनीला सविनय लिहिले. उत्तर आले की शर्यतीत सर्व चालकांना एकमेकांच्या गाड्या दिसत असतात, सबब त्याची आवश्यकता नसते. मी उलट विचारले की ज्याला दिसत नाहीत त्याने काय वाजवावे. त्यावर त्यांनी मला तक्रार क्रमांक दिला आहे. पुढे काही कळवलेले नाही.